जुन्या मॉनिटरवर फिरणारा पट्टा: शूटिंगमध्ये परत परत येणारी अडचण आणि तिच्यावरचे उपाय

कथा १९९० च्या दशकातली आहे, टेबलावर खराखुरा पिक्चर ट्यूबचा मॉनिटर ठेवलाय, नुसत्या डोळ्यांना पडदा अगदी स्थिर दिसतोय. कॅमेरा सुरू केला की मात्र पडद्यावरून एक आडवा पट्टा सरकत राहतो, नाहीतर सगळं चित्रच लुकलुकायला लागतं. मग केबल बदलली जाते, दुसरा मॉनिटर आणला जातो, आणि तरीही पट्टा हटत नाही म्हटल्यावर पडद्यावर हिरवा कागद चिकटवून ‘नंतर कॉम्प्युटरवर बसवू’ असं ठरतं.

मॉनिटर बदलून फरक पडत नाही, कारण बिघाड मॉनिटरमध्ये नसतो. आणि हिरवा कागद हा अगदी शेवटचा पर्याय असायला हवा. चालू पडद्याचा उजेड नटाच्या चेहऱ्यावर पडतो, चष्म्याच्या काचेत अक्षरं उमटतात, फुगीर काचेच्या कडेला चित्र किंचित वाकतं. हे सगळं मागाहून बसवलेल्या चित्रात आणायला खूप काम पडतं आणि बहुतेक वेळा ते अर्धवटच राहतं. खरा पडदा चित्रित करणं त्यापेक्षा सोपं आहे, फक्त मॉनिटरचा आणि कॅमेऱ्याचा असे दोन आकडे जुळवावे लागतात.

पट्टा येतो कुठून

पिक्चर ट्यूबवर पूर्ण चित्र एका क्षणी कधीच नसतं. इलेक्ट्रॉनचा झोत एकेक ओळ रंगवत वरून खाली येतो, पुन्हा वर जातो. झोत पडला की काचेच्या आतून दिलेला फॉस्फरचा लेप तिथे चमकतो आणि लगेच विझू लागतो. रिफ्रेश रेट, म्हणजे सेकंदाला होणाऱ्या अशा फेऱ्या, ६० हर्ट्झ असेल तर एका फेरीला १६.६७ मिलिसेकंद लागतात. आपल्या नजरेला ते सलग चित्र वाटतं, कॅमेऱ्याला वाटत नाही.

समजा कॅमेरा सेकंदाला २५ फ्रेमवर आहे आणि शटर १८० अंशांवर (३६० अंश म्हणजे फ्रेमचा पूर्ण वेळ), म्हणजे प्रत्येक फ्रेमला १/५० सेकंद, अर्थात २० मिलिसेकंद उजेड मिळतो. त्यातल्या पहिल्या १६.६७ मध्ये पडदा एकदा पूर्ण रंगवून होतो. उरलेल्या ३.३३ मध्ये झोत दुसऱ्या फेरीला निघालेला असतो आणि पडद्याचा पाचवा हिस्सा दुसऱ्यांदा रंगवतो. तेवढा भाग दुप्पट उजळ दिसतो. तोच तुमचा पट्टा. उलट शटर १/१०० वर असेल तर १० मिलिसेकंदांत जेमतेम ६० टक्के पडदा रंगतो आणि बाकीचा काळा राहतो.

म्हणून सगळ्यात आधी पट्ट्याचा रंग बघा. उजळ पट्टा असेल तर शटर एका फेरीपेक्षा जास्त वेळ उघडं आहे, काळा असेल तर कमी वेळ. हे एकदा डोक्यात बसलं की सेटवर उगाच इकडचं तिकडचं फिरवत बसावं लागत नाही.

आता अटी दोन. शटर जितका वेळ उघडं राहतं तितक्या वेळात झोताच्या पूर्ण फेऱ्या व्हायला हव्यात, एक किंवा दोन, पण अर्धी-पाऊण नको. ही अट पाळली की पट्टा जातो. दुसरी अट अशी की रिफ्रेश रेटला फ्रेम रेटने पूर्ण भाग जायला हवा. ही पाळली की एक फेरी संपून दुसरी सुरू होते तिथे जोडाची जी बारीक रेघ कधीकधी उरते, ती एका जागी स्थिर राहते. पहिली अट सोडून चालत नाही. दुसरी जमली तर उत्तम. आजच्या बहुतेक कॅमेऱ्यांत सेन्सर ओळीओळीने वाचला जातो. तरी पहिली अट बदलत नाही, कारण सेन्सरच्या प्रत्येक ओळीलाही तेवढाच वेळ उजेड मिळतो.

आधी रिफ्रेश रेट शोधा

अंदाज करू नका, बघा. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धातल्या बऱ्याच मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत रिफ्रेश रेट दिसतो. विंडोज एक्सपीत डिस्प्ले प्रॉपर्टीज, मग सेटिंग्ज, ॲडव्हान्स्ड आणि मॉनिटर या टॅबमध्ये तो दिसतो आणि बदलताही येतो. त्याहून जुन्या यंत्रांचे आकडे ठरलेले आहेत. आयबीएमचा मूळचा हिरव्या अक्षरांचा मोनोक्रोम मॉनिटर ५० हर्ट्झवर चालतो. सीजीए आणि ईजीए ही जुनी डिस्प्ले कार्डं ६० च्या आसपास. त्यांच्यानंतरच्या व्हीजीए कार्डावर ६४० × ४८० असेल तर ५९.९४. छोट्या एकसंध डब्यातला कृष्णधवल मॅकिंटॉश ६०.१५. कमोडोर ६४ किंवा बीबीसी मायक्रोसारखे टीव्हीला जोडायचे घरगुती संगणक पाल या टीव्ही पद्धतीचे (भारत, ब्रिटन) असतील तर ५० च्या आसपास, एनटीएससी पद्धतीचे (अमेरिका, जपान) असतील तर ६० च्या आसपास.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो डॉसच्या, म्हणजे विंडोजआधीच्या नुसत्या अक्षरांच्या प्रणालीच्या पडद्यावर. व्हीजीए कार्ड असलेल्या संगणकात काळ्या पडद्यावरची ती अक्षरं ६० वर नसतात, ७० हर्ट्झवर असतात. कॅमेरामन १/६० लावतो, पट्टा जात नाही आणि मग मॉनिटर खराब ठरतो. तिथे १/७० हवं. २४ फ्रेमवर ते साधारण १२३ अंश होतात.

यंत्राबद्दल काहीच माहिती मिळत नसेल तर उलट्या बाजूने जा. कॅमेऱ्याचं शटर बारीक पायऱ्यांनी फिरवा. पट्टा अरुंद होत होत ज्या सगळ्यात वेगवान शटरवर नाहीसा होईल, तोच आकडा तुमचा रिफ्रेश रेट. सोनीच्या व्यावसायिक कॅमेऱ्यांत याच कामासाठी क्लिअर स्कॅन आणि ईसीएस आहे, पॅनासॉनिकमध्ये सिंक्रो स्कॅन. सिनेमा कॅमेऱ्यांत शटरचा अंश दशांशात भरता येतो.

शटर बदलायचं की रिफ्रेश रेट?

माझं स्पष्ट मत: संगणक ऐकत असेल तर संगणकाचा रेट बदला, कॅमेऱ्याला हात लावू नका. शटर बदललं की हालचालीचा पोत बदलतो. नटाने टंकलेखन करताना बोटं १८० अंशांवर जशी दिसतात तशी १२० वर दिसत नाहीत, आणि बाजूच्या शॉटशी जोडताना ते खटकतं.

सगळ्यात सोयीची जोडी म्हणजे रिफ्रेश रेट फ्रेम रेटच्या चौपट. २५ फ्रेमला १०० हर्ट्झ, २४ ला ९६. १८० अंशांच्या शटरमध्ये बरोबर दोन फेऱ्या होतात, पट्टा राहत नाही आणि पोतही जसाच्या तसा. मॉनिटर नंतरच्या पिढीतला असेल तर ६४० × ४८० वर १०० हर्ट्झ त्याला सहसा झेपतात. त्यासाठी आडवी वारंवारिता, म्हणजे सेकंदाला रंगणाऱ्या ओळी, सुमारे ५१ ते ५३ किलोहर्ट्झ लागते, मागच्या लेबलवर किंवा माहितीपत्रकात तेवढी आहे का ते आधी बघा. सुरुवातीचे व्हीजीए मॉनिटर फक्त ३१.५ किलोहर्ट्झवर चालतात. त्यांना आणि त्याआधीच्या मोनोक्रोम मॉनिटरना जास्तीचा सिग्नल देऊ नका. चुकीच्या वारंवारितेने हे मॉनिटर खरोखर जळू शकतात, आणि ते आता नव्याने बनत नाहीत.

चौपट जमत नसेल तर तिप्पट घ्या. २५ ला ७५ किंवा २४ ला ७२. मात्र इथे १८० अंश चालत नाहीत, कारण त्यात दीड फेरी होते आणि अर्धा पडदा उजळ, अर्धा मंद असा स्थिर दोष दिसतो. १२० अंश लावा, म्हणजे एक फेरी, किंवा कॅमेऱ्यात सोय असेल तर २४० अंश, म्हणजे दोन. पोताच्या दृष्टीने २४० मला जास्त आवडतात, फक्त जलद हालचाल थोडी पुसट होते हे लक्षात ठेवा.

आणि संगणक पाल पद्धतीचा, कॅमेरा २५ वर असेल तर काहीच करायचं नाही. ५० हर्ट्झ आणि १/५० आपोआप जुळतात. हीच गोष्ट आयबीएमच्या जुन्या हिरव्या मॉनिटरची. त्याचा फॉस्फर मुद्दाम सावकाश विझणारा ठेवलेला आहे, त्यामुळे उरलीसुरली रेघही त्यात विरून जाते. कॅमेऱ्याशी इतकं जुळवून घेणारा दुसरा जुना मॉनिटर मला माहीत नाही.

रेट बदलताच येत नसेल, जसं मॅकिंटॉशमध्ये, तर शटर बदलण्यावाचून इलाज नाही. २४ फ्रेमवर ६० हर्ट्झसाठी १४४ अंश, मॅकसाठी १४३.६. पट्टा जाईल. जोडाची रेघ मात्र एक फ्रेम इथे, एक फ्रेम तिथे अशी उडत राहील, कारण ६० ला २४ ने भागलं तर अडीच येतात. पडद्यावर गडद पार्श्वभूमी ठेवली तर ती नजरेला येत नाही.

जवळचा आकडा चालेल का, हा नेहमीचा प्रश्न. किती जवळचा ते बघा. पडदा ५९.९४ वर आणि शटर १/६० वर असेल तर चूक एका ओळीपेक्षाही कमी, कोणालाही दिसणार नाही. पण ७५ हर्ट्झच्या पडद्यावर १/७५ मिळत नाही म्हणून १/८० लावलं, तर पडद्याचा सहा टक्के भाग काळा राहतो, ४८० पैकी सुमारे ३० ओळी. तो पट्टा स्पष्ट दिसतो.

पट्टा गेला, पण चित्र अजून लुकलुकतंय

हे मॉनिटरचं नसून खोलीतल्या दिव्यांचं असतं. ५० हर्ट्झच्या विजेवर ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होते, म्हणजे दर १० मिलिसेकंदांनी. मॉनिटरसाठी १/७५ लावलं की शटर १३.३३ मिलिसेकंद उघडं राहतं, आणि ते दहाच्या पटीत नाही. पडदा सुधारला आणि भिंत लुकलुकू लागली, असं होतं ते यामुळे. ६० हर्ट्झची वीज असेल तिथे हा हिशोब ८.३३ मिलिसेकंदांनी करायचा.

खोलीतली ट्यूब फ्रेममध्ये दिसणार असेल तर १०० हर्ट्झ आणि १/५० ची जोडी सर्वात चांगली, दोन्ही एकाच वेळी जुळतात. नाहीतर शूटिंगसाठी बनवलेले लुकलुक न करणारे एलईडी किंवा टंगस्टन दिवे वापरा.

आधी नीट होतं, मग पट्टा आला

संगणक सुरू होतानाचा शॉट. बटण दाबलं, अक्षरं आली, लोगो आला, मग डेस्कटॉप. दिग्दर्शकांना हा शॉट सलग हवा असतो आणि नेमका तोच दगा देतो. कारण मॉनिटर एकच असला तरी वाटेत रिफ्रेश रेट बदलतो. सुरुवातीची बायोसची, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या आतल्या प्रोग्रामची अक्षरं ७० हर्ट्झवर. विंडोज ९५ चा आकाशाचा लोगोही ७० वरच. डेस्कटॉप उजळला की ६०, ७५ किंवा जे ठरवून ठेवलं असेल ते. मध्येच पडदा क्षणभर काळा होतो आणि जुन्या मॉनिटरमधून ‘टक’ असा आवाज येतो, तिथे हा बदल घडतो. एका शटरवर हा पूर्ण प्रवास नीट येणं शक्य नाही.

शॉट तोडता येत असेल तर त्या काळ्या क्षणावर कापा. पहिला तुकडा १/७० वर, दुसरा डेस्कटॉपच्या रेटनुसार. सलगच हवा असेल तर सुरू होण्याचं सगळं दृश्य आधी तयार करून ठेवा आणि एका दुसऱ्या, नव्या संगणकावरून व्हीजीए अडॅप्टर लावून पूर्ण पडदाभर चालवा. रेट सुरुवातीपासून शेवटपर्यंत १०० किंवा ७५. टेबलाखाली खरा जुना डबा ठेवा, त्याचा पंखा आणि हार्ड डिस्कची घरघर वेगळी रेकॉर्ड करा. जुने प्रोग्राम हवे असतील तर डॉसबॉक्स पूर्ण पडद्यावर चालवा, तो नव्या संगणकाचा रेट वापरतो. फसवणूक वाटेल, पण ट्यूब खरी आहे, उजेड खरा आहे आणि काचही खरीच आहे.

अगदी हळू सरकणारी रेघ

सगळं जुळवलं, तरी एक बारीक रेघ पंधरा-एक सेकंदांत संथपणे पडदा पार करते. कॅमेऱ्याच्या मेनूत २४ लिहिलंय की २३.९८ ते तपासा. २३.९७६ च्या तिप्पट ७१.९२८ होतात, मॉनिटर मात्र ७२ वर. फरक ०.०७२ हर्ट्झ, म्हणून रेघ साधारण १४ सेकंदांत एक फेरी मारते. कॅमेरा बरोबर २४ वर आणा, किंवा नव्या संगणकावरून चालवत असाल तर रेट ७१.९३ करून बघा. शॉट पाच सेकंदांचा असेल तर काहीच करू नका, रेघ मजकुरावरून जात नसतानाचा टेक निवडा.

फिल्मच्या काळात हीच अडचण वेगळ्या रीतीने सोडवत. मॉनिटर आणि प्लेबॅक यंत्रं २४ फ्रेमसाठी मुद्दाम बदलून घ्यायची, कॅमेऱ्याशी ताल जुळवायचा, आणि एक बटण फिरवून उरलेली रेघ पडद्याच्या कडेबाहेर ढकलायची. या कामाला वेगळा तंत्रज्ञ असे. काही वेळा मॉनिटर टाळलाच जाई. १९८३ च्या ‘वॉरगेम्स’ चित्रपटात नियंत्रण कक्षातले ते भव्य नकाशे मॉनिटरवर नव्हतेच. एचपी ९८४५सी या संगणकावर काढलेली चित्रं फिल्मवर घेऊन पडद्यामागून टाकली होती. त्याही आधीच्या मालिकांत संगणक म्हणजे लुकलुकत्या दिव्यांचं कपाट असे. १९६६ च्या ‘बॅटमॅन’ मालिकेत बरोज २०५ या खऱ्या संगणकाचे भाग होते, आणि अमेरिकी हवाई दलाच्या एएन/एफएसक्यू-७ या महाकाय यंत्राची नियंत्रण फळकं कित्येक मालिका-चित्रपटांत फिरली. तिथे झोतच नसल्यामुळे पट्ट्याचा प्रश्न उद्भवत नव्हता.

दोष वाटतो, पण नाही

सोनीच्या ट्रिनिट्रॉन मॉनिटरवर पांढऱ्या पार्श्वभूमीत एक किंवा दोन अतिशय बारीक करड्या आडव्या रेघा दिसतात आणि त्या हलत नाहीत. ट्यूबच्या आतली जाळी स्थिर ठेवणाऱ्या तारांची ती सावली आहे. शटरने जाणार नाही. गडद पार्श्वभूमी ठेवा किंवा त्या पात्रासाठी दुसरा मॉनिटर घ्या.

पडदा निळाशार येत असेल तर मॉनिटरचं रंग तापमान ९३०० केल्विनवर आहे. मेनूतून ६५०० करा. त्याहून उबदार हवा असेल तर पडद्यावरच्या मजकुराचेच रंग पिवळसर करून घ्या. शुद्ध पांढरी अक्षरं कॅमेऱ्यात फार उजळून कडा हरवतात, फिकट राखाडी ठेवलीत तर पांढरीच दिसतील आणि वाचताही येतील. कोपऱ्यात जांभळा-हिरवा डाग असेल तर जवळ स्पीकर किंवा लोहचुंबक लावलेला दिवा आहे का बघा, तो हलवा आणि मग मॉनिटरचं डीगॉसचं, म्हणजे ट्यूबमधलं चुंबकत्व घालवणारं बटण दाबा. अगदी जवळून घेताना रंगीत लाटा उठल्या तर अंतर थोडं बदला किंवा फोकस केसभर मागे घ्या.

एलसीडी लॅपटॉपमध्ये असा फिरणारा झोत नसतो. तिथे पट्टे दिसले तर बहुधा पाठीमागचा प्रकाश कमी ठेवलेला असतो आणि तो वेगाने चालू-बंद होत असतो. प्रकाश पूर्ण करा, आणि पडदा फार उजळ झाला तर मजकूर गडद करा.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा. कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्यावर विश्वास ठेवू नका. त्या पडद्याचा स्वतःचा वेग वेगळा असू शकतो. दहा सेकंद रेकॉर्ड करा, मोठ्या पडद्यावर फ्रेम-फ्रेम पुढे सरकवून बघा, मग नटाला बोलवा.

मॉनिटर उघडू नका

प्लग काढल्यानंतरही ट्यूबमध्ये हजारो व्होल्टचा भार शिल्लक राहू शकतो, रंगीत ट्यूबमध्ये तो २० ते २५ हजारांच्या घरात असतो. काच फुटली तर आत ओढली जाऊन तुकडे बाहेर उडतात. वर्षानुवर्षं बंद असलेलं यंत्र थेट सेटवर लावू नका, आदल्या दिवशी जाणकाराकडून तपासून घ्या. संगणकाच्या मागचा ११५/२३० चा लाल सरकता स्विच तिथल्या विजेप्रमाणे आहे ना तेही बघा. जुन्या पॉवर सप्लायमधले कागदी फिल्टर कपॅसिटर पहिल्या तासातच धूर सोडतात आणि सगळ्यांची धांदल उडते.

ट्यूब मेलीच असेल तर रिकाम्या खोक्यात ४:३ आकाराचा एलसीडी बसवून पुढे जुनीच फुगीर काच ठेवतात. लांबच्या शॉटमध्ये ते खपून जातं. जवळच्या शॉटमध्ये अक्षरांच्या कडा फार रेखीव दिसतात आणि काळा रंग करडा येतो, म्हणून असा मॉनिटर पात्राच्या मागच्या टेबलांवर ठेवा आणि चालणारी खरी ट्यूब पुढे आणा.

शॉट मनासारखा आला की कॅमेरा रिपोर्टवर पाच गोष्टी लिहून ठेवा: फ्रेम रेट, शटरचा अंश, मॉनिटरचा रेट, रिझोल्यूशन आणि रंग तापमान. महिन्याभराने एखादा जोडशॉट घ्यावा लागला आणि तोवर मॉनिटर परत गेलेला असला, तर दुसरा मॉनिटर याच पाच आकड्यांवर जुळवता येतो.